ओव्हनचा जळका थर, कॉस्टिक आणि सोडा : गावातल्या बेकरी युनिटच्या सफाईच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या. आता तीन महिने काम हलकं, म्हणून सगळ्या ओव्हनची नीट सफाई काढायची आहे. ओव्हन क्लीनरचा डबा उघडून फवारायला सुरुवात करण्याआधी काय काय साफ करायचं ते लिहून घेतलं.

दोन घरगुती ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, विजेचे छोटे ओव्हन), २८ आणि ४० लिटरचे. आतून राखाडी पत्रा. एक जुनी गॅस रेंज, खालचा ओव्हन आतून काळ्या इनॅमलचा, पांढरे ठिपके असलेला. एक विजेचा सिंगल डेक (एकाच कप्प्याचा) ओव्हन, आतून स्टेनलेस. ट्रे : अ‍ॅल्युमिनियमचे १४, काळ्या लोखंडी पत्र्याचे ६. केकचे नॉनस्टिक साचे ४. जाळ्या ५.

सफाईच्या कपाटात निघालेलं सामान : ओव्हन क्लीनरचा एक स्प्रे, टॉयलेटचं निळं ॲसिड, ब्लीच, भांड्यांचं लिक्विड आणि एक बिनलेबलची काचेची बरणी, आत पांढरे खवले. ते खवले साबण करण्यासाठी आणलेला कॉस्टिक सोडा आहे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, कातडी भाजणारी तीव्र अल्कली. शेजारच्याच फळीवर खाण्याचा सोडा, साखर, मीठ. ही बरणी आजच तिथून काढली. बाहेरून "कॉस्टिक, हात लावू नये" असं रंगाने लिहिलं, घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद केली आणि डबा कुलपात ठेवला. गावात सुट्टा कॉस्टिक पिशवीत मिळतो आणि घरी आल्यावर थंड पेयाच्या बाटलीत जातो. लहान मुलांच्या हाती लागण्याचा हाच रस्ता. बाटली कितीही धुतलेली असो, खाण्यापिण्याच्या भांड्यात कॉस्टिक ठेवायचा नाही.

ॲसिड आणि ब्लीच एकमेकांपासून लांब, दोन वेगळ्या फळ्यांवर. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत हे जिवावर बेतू शकतं. ओव्हनच्या सफाईत या दोघांचंही काही काम नाही.

१४ नोव्हेंबर

धातू ओळखण्याचं काम. यावर पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा होता. बाजारातले कॉस्टिकचे ओव्हन क्लीनर मुळात इनॅमलच्या ओव्हनसाठी आहेत. इनॅमल म्हणजे लोखंडावर भाजून बसवलेला काचेचा थर. आपल्याकडे घरोघरी असतो तो ओटीजी, आणि त्याच्या आतला पत्रा बहुतेक वेळा जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला असतो. कॉस्टिक या दोन्ही धातूंना खातो. चुकीच्या डब्यावर योग्य औषध मारल्यासारखं होतं ते.

चुंबक लावून पाहिलं. इनॅमलला चिकटतो (खाली लोखंड आहे), मुलामा दिलेल्या पत्र्यालाही चिकटतो, काही जातींच्या स्टेनलेसलाही चिकटतो. अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, पण चांगल्या स्टेनलेसलाही चिकटत नाही. म्हणून एकटं चुंबक पुरत नाही. सोबत बघायचं ते असं :

नखाने टिचकी मारून काचेसारखा गुळगुळीतपणा आणि चमक जाणवली, कुठे टवका उडून काळं लोखंड दिसत असलं तर इनॅमल. पत्र्यावर कूलरच्या टाकीसारखी फुलं दिसली तर जस्त. एकसारखा फिका राखाडी, जरा खरबरीत असला तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. ट्रे हातात घेऊन आकाराच्या मानाने फारच हलका लागला तर अ‍ॅल्युमिनियम.

तरी शंका राहिली तर मागच्या कोपऱ्यात थेंबाची परीक्षा. धुण्याच्या सोड्याचं कोमट पाणी (एक कप पाण्यात एक चमचा) एक थेंब, पाच मिनिटं. बुडबुडे आले किंवा डाग काळवंडला तर मुलामा किंवा अ‍ॅल्युमिनियम समजायचं. जस्त उशिरा दाखवतं, म्हणून काहीच झालं नाही तरी निर्धास्त व्हायचं नाही. ओळख पटली नाही तर तो धातू अ‍ॅल्युमिनियमच आहे असं धरून चालायचं.

निकाल : दोन्ही ओटीजींवर कॉस्टिक बंद. गॅस रेंजच्या इनॅमलवर चालेल. स्टेनलेस डेकवर चालतो, पण तिथे हीटर आणि थर्मोस्टॅटचा (तापमान राखणाऱ्या भागाचा) बल्ब उघडे आहेत, म्हणून तिथेही सौम्य उपायच.

१५ नोव्हेंबर

काय चिकटलंय ते वेगवेगळं पाहिलं. चार प्रकार आहेत आणि चौघांना एकच औषध लागत नाही.

पहिला, ताजा तेलकट चिकटा. बोटाला लागतो, गरम पाणी आणि लिक्विडने जातो.

दुसरा, पिवळा-तपकिरी, वार्निशसारखा कडक थर. हे मूळचं तेलच, पण उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं झालेलं. साबणाला दाद देत नाही. अल्कलीने, म्हणजे सोडा किंवा कॉस्टिकने, हे जाळं तुटतं. आपल्याकडे याचं एक खास कारण आहे. ट्रेला जवसाचं किंवा करडीचं तेल लावलं जातं आणि ही दोन्ही "सुकणारी" तेलं आहेत. रंगात जवस वापरतात ते याच गुणामुळे. शेंगदाण्याचं तेल इतकं कडक होत नाही, सोयाबीन मधलं. युनिटच्या ज्या ट्रेला जवस लागत होतं त्यांचे कोपरे नखाने उकरत नाहीत, शेंगदाणा तेलाचे ट्रे गरम पाण्याने अर्धे मोकळे झाले.

तिसरा, साखर. नानकटाई, शंकरपाळे, गुळाची बिस्किटं यांतली साखर सांडून करपते. फक्त तपकिरी असेल तर गरम पाण्यात भिजवून सुटते. सोड्याची गरज नाही.

चौथा, काळा कोळसा. तो कशातच विरघळत नाही, कॉस्टिकमध्येही नाही. कॉस्टिक त्याच्या खालचं तेल तोडतो आणि कोळसा सुटा होतो, इतकंच. म्हणून खालचं तेल मऊ करणं आणि मग खरवडणं हाच उपाय. पूर्ण कोळसा झालेल्या डागावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रसायन मारून उपयोग होत नाही, नुसता धातू झिजतो.

१९ नोव्हेंबर

२८ लिटरचा ओटीजी. प्लग काढला, भिंतीवरून केबल लांब केली. नुसतं बटण बंद करून चालत नाही. थर्मोस्टॅट बंद असला तरी हीटरच्या एका टोकाला वीज असू शकते, आणि गावात अर्थिंग धड नसणं काही नवीन नाही.

आधी वाफ. स्टीलच्या वाटीत ३०० मिली पाणी, प्लग परत लावून १५० अंशांवर २० मिनिटं. मग बंद, प्लग बाहेर, दार लावून १५ मिनिटं तसंच. दार उघडताना तोंड बाजूला, वाफ भाजते. कोमट असताना ओल्या फडक्याने पुसला. ताजा चिकटा आणि साखर एवढ्यातच गेली. निम्मं काम हेच करतं, तेही फुकटात.

राहिलेल्या तपकिरी भागांवर खाण्याच्या सोड्याची लापशी : १०० ग्रॅम सोडा, ४० मिली पाणी, चार थेंब लिक्विड. दाट दह्यासारखी हवी. पातळ झाली तर भिंतीवरून ओघळून हीटरच्या तळाच्या जोडाकडे जाते. जुन्या ब्रशने लावली. हीटरच्या नळ्या, दोन्ही बाजूंची सिरॅमिक टोकं, थर्मोस्टॅटची तार आणि दाराची रबरी पट्टी सोडून.

हा पत्रा मुलामा दिलेला, म्हणून लापशी फक्त ३० मिनिटं ठेवली. रात्रभर ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो इनॅमल आणि स्टेनलेसला लागू आहे. खाण्याच्या सोड्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या वर जितका जास्त तितकी अल्कली तीव्र) साधारण ८.३, सौम्यच, तरीही अ‍ॅल्युमिनियम रात्रभरात काळं पडू शकतं. अर्ध्या तासाने पुसून पुन्हा एक थर, पुन्हा अर्धा तास. तीन फेऱ्यांत भिंती साफ, मागच्या कोपऱ्यांत तपकिरी रेघा राहिल्या. त्या तशाच सोडल्या. कडक, वास न येणारी रेघ अन्नाला काही करत नाही. ती काढायला मुलामा खरवडला तर पुढच्या पावसाळ्यात तिथेच जंग धरेल.

खरवडायला प्लास्टिकचं जुनं कार्ड. तारेची घासणी नाही : तिचे तुकडे तुटून हीटरच्या जोडात अडकले तर शॉर्ट होतं, आणि ट्रेवर पडले तर बिस्किटात जातात.

२० नोव्हेंबर

ओटीजी रात्रभर दार उघडं ठेवून वाळवला. सकाळी रिकामा, १०० अंशांवर १० मिनिटं, मग २०० अंशांवर १५ मिनिटं, खिडक्या उघड्या ठेवून. सुरुवातीला थोडा धूर आला, नंतर थांबला. पांढरी बुकटी उरली होती, ती कोरड्या फडक्याने पुसली. ती बुकटी सोडाच आहे; तापल्यावर खाण्याच्या सोड्याचा धुण्याचा सोडा बनतो, आणि हा जास्त तिखट. म्हणून सोडा राहिलेला ओव्हन तापवायचा नाही, आधी पाण्याने तीनदा पुसायचा. काल एक पुसणं कमी पडलं.

२६ नोव्हेंबर

पाचही जाळ्या भिजवल्या. या लोखंडी तारेच्या, क्रोमचा मुलामा दिलेल्या. क्रोमला सोडा चालतो.

प्लास्टिकच्या मोठ्या टबात १० लिटर गरम पाणी, ३०० ग्रॅम धुण्याचा सोडा, ५० मिली लिक्विड. टब प्लास्टिकचाच; अ‍ॅल्युमिनियमचं घमेलं किंवा जस्ताची बादली घेतली तर भांडंच खाल्लं जाईल. रबरी हातमोजे लागतात. या पाण्याचा पीएच ११ च्या वर जातो, हात फाटतात. चार तासांत तपकिरी थर साबणासारखा बुळबुळीत झाला आणि काथ्याने निघाला.

किराणा दुकानातल्या सोड्याबद्दल एक गोष्ट. खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. १०० ग्रॅम खड्यांत खरा सोडा सुमारे ३७ ग्रॅम. वर दिलेलं माप कोरड्या पुडीचं आहे. खडे घेतले तर ८०० ग्रॅम लागतील. "सोडा टाकला पण काही झालं नाही" या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच.

दुकानातल्या सुट्या पांढऱ्या पुडीची खात्री नसेल तर धुण्याचा सोडा घरी करता येतो. खाण्याचा सोडा सीलबंद पाकिटातला, स्टीलच्या ट्रेमध्ये एक सेंटिमीटर पसरून २०० अंशांवर एक तास, मधे एकदा ढवळून. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम उरतात. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. वजन ६३ च्या आसपास थांबलं की झालं. ७० भरलं तर अजून कच्चा आहे. डब्यावर लगेच नाव लिहायचं, कारण दिसायला दोन्ही सारखेच.

३ डिसेंबर

आंबिया बहराची संत्री निघाली, साली भरपूर. संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि ते तेलकटपणा विरघळवतं, हे खरं आहे. ताजी साल पिळून तेलाचे थेंब काचेच्या दारावर घासले : ताजा तेलकटपणा आणि स्टिकरचा डिंक सहज सुटला. साली पंधरा दिवस व्हिनेगरमध्ये भिजवलेलं पाणीही मागच्या महिन्यापासून तयार होतं. त्याने जळका थर जरासुद्धा हलला नाही. पाण्यासारख्या व्हिनेगरमध्ये ते तेल फारसं उतरतच नाही, वास मात्र उतरतो.

म्हणून साल दाराच्या काचेसाठी आणि बाहेरच्या बाजूसाठी ठेवली. लिमोनीन पेट घेतं, म्हणून ओव्हन पूर्ण थंड, गॅस बंद, आणि नंतर साबणाच्या पाण्याने पुसूनच ओव्हन लावायचा.

९ डिसेंबर

अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेसाठी काय, हा प्रश्न बाकी होता. रिठा करून पाहिला. १२ रिठे, बिया काढून, एक लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी १५ मिनिटं उकळून गाळले. हे पाणी किंचित आंबट बाजूचं असतं, अ‍ॅल्युमिनियमला त्रास देत नाही. गरम असतानाच ट्रे त्यात अर्धा तास. शेंगदाणा तेलाचे ट्रे स्वच्छ निघाले, जवसाचे निघाले नाहीत. डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं. उरलेलं पाणी तलावात किंवा शेततळ्यात टाकू नये, रिठ्याने मासे मरतात.

पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) राख पण पाहिली. एक वाटी राख, एक लिटर पाणी, रात्रभर निवळू दिलं. वरच्या निवळीत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे धुण्याच्या सोड्याचा भाऊच. लोखंडी पत्र्याच्या ट्रेवर चांगली चालली. पण राख कशी जळली, पावसाने धुतली का, यावर निवळीचा जोर बदलतो, आणि जोर माहीत नसलेली अल्कली अ‍ॅल्युमिनियमवर नको. कोरडी राख घासायला लोखंडावर ठीक. काचेवर आणि नॉनस्टिकवर ओरखडे पडतात.

जवसाच्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेवर शेवटी काम केलं ते गरम पाणी, लिक्विड आणि लाकडी उलथन्याने. तीन दिवस, रोज थोडं. चकचकीत झाले नाहीत. चकचकीत असण्याची गरजही नाही, काळसर ट्रेमध्ये खालची बाजू जास्त चांगली भाजते.

१७ डिसेंबर

आज एक ट्रे गेला. जाळ्यांच्या टबात लोखंडी ट्रेसोबत एक अ‍ॅल्युमिनियमचा चुकून पडला. अर्ध्या तासात पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस, ट्रे काळा, कडा खरबरीत. टब लगेच उघड्यावर नेला. गरम सोड्याच्या पाण्यातही अ‍ॅल्युमिनियम झिजतं. कॉस्टिकमध्ये तर पाणी आपोआप उकळायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. हायड्रोजन पेटतो. बंद खोलीत, शेजारी गॅसची शेगडी चालू असताना असं होऊ द्यायचं नाही.

सगळ्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेच्या कडेला भोक पाडून लाल तार बांधली. लाल तार दिसली की फक्त रिठा किंवा लिक्विड. नॉनस्टिकच्या साच्यांनाही तीच तार, कारण त्यांच्या आत बहुधा अ‍ॅल्युमिनियमच असतं.

५ जानेवारी

कॉस्टिकचा दिवस. गॅस रेंजच्या इनॅमलवर वर्षानुवर्षांचा थर आहे; वाफ झाली, सोड्याची लापशी दोनदा रात्रभर ठेवून झाली, वरचा भाग गेला, तळ आणि मागची भिंत तशीच. सौम्य उपाय पुरेसे वापरून झाल्यावरच हा डबा उघडायचा, असं ठरलं होतं.

लेबल आधी वाचलं. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं असलं, किंवा हातावर आणि धातूवर थेंब पडून ते खाल्लं जातंय असं चित्र असलं, की पीएच १३-१४ समजायचा. काही डब्यांवर "वास नाही, धूर नाही" असतं. त्यांत बहुधा कॉस्टिकऐवजी इथॅनोलअमाइन असतं. ते जरा सौम्य, पण त्वचा आणि डोळे त्यानेही भाजतात. वास नाही म्हणजे धोका नाही असं नव्हे.

तयारी : कोपरापर्यंतचे रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे. बाजूने बंद असलेला चष्मा. साधा नंबरचा चष्मा बाजूने उघडा असतो, चालत नाही. पूर्ण बाह्या, जाड ॲप्रन, बंद बूट. पदर आणि ओढणी खोचलेली. कापडी मोजे वापरायचे नाहीत, ते कॉस्टिक शोषून हाताला धरून ठेवतात. २० लिटरचे पाण्याचे दोन कॅन आणि पाणी ओतायचा मग जवळ ठेवला. लोडशेडिंगमध्ये मोटर बंद असली तर नळाला पाणी नसतं, आणि डोळ्यात गेल्यावर किमान २० मिनिटं सलग पाणी लागतं; मिनिटाला एक लिटर धरलं तरी एक कॅन संपतो.

सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. स्प्रेला जोर देणारा वायू बहुधा ब्युटेन-प्रोपेन असतो, तो पेटतो आणि जमिनीलगत साचतो. दोन्ही दारं उघडी. कूलर बंद : त्याचा झोत फवारा तोंडावर उडवतो. मुलं, कोंबड्या, शेळ्या बाहेर.

खाली जुने कागद पसरले. ओव्हन पूर्ण थंड. गरम भिंतीवर फवारलं तर वाफ नाकात जाते आणि औषध लावताच वाळतं, मग कामही करत नाही. बर्नरची भोकं, थर्मोस्टॅटची नळी, दाराची पट्टी, ॲल्युमिनियमची चौकट हे सगळं जुन्या फडक्याने आणि चिकटपट्टीने झाकलं. फवारा थेट भिंतीवर न मारता डब्याचं तोंड ब्रशला लावून ब्रशवर घेतलं, त्यामुळे हवेत धुकं कमी. नेहमी खालून वर लावायचं. वरून खाली लावताना ओघळ हातमोज्यात शिरतो.

लेबलवर ३० मिनिटं होती, २५ व्या मिनिटाला तपकिरी फेस उतरायला लागला. लाकडी पट्टीने ढकलून कागदावर घेतला. वाळू द्यायचा नाही. मग ओल्या फडक्यांनी पाच वेळा, दरवेळी फडकं वेगळ्या बादलीत. तळ साफ. मागच्या भिंतीवर कोळशाचे दोन ठिपके राहिले, ते ब्लेडने काचेवरून घासतात तसे आडवे धरून काढले. जिथे इनॅमलचा टवका आधीच उडाला होता तिथे लोखंड उघडं पडलं आहे.

हात लागला तर काय होतं हे सगळ्यांना माहीत हवं. सुरुवातीला आग होत नाही. बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतात. तो बुळबुळीतपणा आपल्याच त्वचेतल्या चरबीचा साबण होण्याचा आहे. दुखायला लागेपर्यंत जखम खोल गेलेली असते, म्हणून बुळबुळीत लागताच धुवायचं. लिंबू किंवा व्हिनेगर ओतून "मारायचा" प्रयत्न नाही. त्याने उष्णता निर्माण होते आणि धुण्यातली मिनिटं जातात. ओले कपडे काढून २० मिनिटं पाणी. डोळा असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून, नाकाकडून बाहेरच्या बाजूला धार. आधी धुणं, मग गाडी. दवाखाना वीस किलोमीटर लांब असला तरी हाच क्रम, आणि रस्त्यातही पाणी चालू. कोणी प्यायलं तर तोंड धुवायचं, उलटी करवायची नाही, कारण वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रुग्णवाहिका १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. डबा सोबत न्यायचा, डॉक्टरांना लेबल दिसलं पाहिजे.

६ जानेवारी

धुतलं, पण कॉस्टिक खरंच गेला का, हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी हळदीचा कागद. ५० मिली स्पिरिटमध्ये एक चमचा हळद, तासभर ठेवून गाळली, पांढरा शोषक कागद बुडवून सावलीत वाळवला. उन्हात वाळवला तर रंग उडतो. पट्ट्या कापून काळ्या पिशवीत.

ओव्हनची भिंत पाण्याने ओली करून पट्टी दाबायची. पिवळी राहिली तर ठीक. तांबडी झाली तर अल्कली शिल्लक आहे. हळदीत चुना घातल्यावर कुंकवाचा रंग येतो, तोच प्रकार. आज पहिल्या दाबात मागचा कोपरा लालभडक. कालची पाच धुणी पुरली नव्हती. आणखी चार वेळा पुसल्यावर पट्टी पिवळी राहिली. साबणानेही पट्टी लाल होते, म्हणून शेवटची दोन पुसणी नुसत्या पाण्याची.

पट्टी आधी आपल्या पाण्यात बुडवून पाहायची. इथल्या विहिरींचं पाणी थोडं अल्कलीच असतं. नुसत्या पाण्यातच केशरी छटा आली तर तीच "स्वच्छ" ची खूण धरायची.

पिवळी पट्टी मिळाल्यावर चिकटपट्ट्या काढल्या, बर्नर तपासून गॅस सुरू केला, रिकामा ओव्हन २०० अंशांवर २० मिनिटं, दारं-खिडक्या उघडी. वास नाही.

१८ जानेवारी

सोड्यावर व्हिनेगर ओतल्यावर फसफसतं, त्याने मळ निघतो, असं आजही विचारलं गेलं. फसफसणं म्हणजे आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवत आहेत. उरतं मिठासारखं सोडियम ॲसिटेट, त्यात साफ करण्याची ताकद नाही. बुडबुड्यांनी सैल झालेले कण थोडे हलतात, तेवढंच. सोडा आधी, त्याला वेळ द्यायचा, पुसायचा. आम्ल लागलंच तर नंतर.

ते नंतरचं काम मात्र आपल्याकडे लागतं. इथलं पाणी जड. त्यात सोडा मिसळला की चुना खाली बसतो आणि वाळल्यावर भिंतीवर पांढरी साय दिसते, कूलरच्या जाळीवर येते तशीच. ती जळका थर नव्हे. एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व, फडक्याने पुसून पाच मिनिटांत साध्या पाण्याने धुणं. स्टेनलेस आणि काच यांनाच. जस्ताच्या पत्र्याला आम्ल नको, टवका उडालेल्या इनॅमललाही नको. ती साय टाळायची असेल तर शेवटचं पुसणं आरओ फिल्टरच्या पाण्याने. एक लिटरही पुरतो.

२ फेब्रुवारी

सफाईचं मळकं पाणी कुठे टाकायचं. परसबागेत नाही. सोड्यातलं आणि कॉस्टिकमधलं सोडियम काळ्या मातीला चिकट, बंद करतं. पाणी मुरत नाही, वाळल्यावर दगडासारखी होते. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाण (खाऱ्या जमिनीच्या) पट्ट्यात जमिनीचं दुखणं मुळात हेच आहे, तिथे तर अजिबात नाही. गोबर गॅसच्या टाकीतही नाही, जिवाणू मरतील. एका सफाईचं पाणी बादलीभर आणखी पाण्यात पातळ करून नालीत, थोडं थोडं. कॉस्टिकचे कागद आणि फडकी आधी भरपूर पाण्यात धुवून मग कचऱ्यात. जनावरं उकिरड्यावर तोंड घालतात, हे लक्षात ठेवून.

११ एप्रिल

स्प्रेचा डबा टिनाच्या शेडमधून हलवला. डब्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना टिनाच्या पत्र्याखाली ते सहज गाठलं जातं, बंद गाडीत तर नक्कीच. मातीच्या भिंतीच्या खोलीत, खालच्या फळीवर, कुलपात. रिकामा झाला तरी भोक पाडायचं नाही, चुलीत टाकायचा नाही.

१३ जून

पहिला पाऊस झाला आणि काळ्या लोखंडी ट्रेवर एका रात्रीत जंग. डिसेंबरात सोड्याने धुतल्यावर त्यांच्यावरचा तेलाचा संरक्षक थर गेला होता, तो पुन्हा बसवायचा राहिला. बारीक काथ्याने जंग काढला, शेगडीवर कोरडे केले. मग जवसाचं तेल, अगदी पातळ, लावून लगेच पुसून काढलेलं, आणि पालथे घालून २०० अंशांवर एक तास, खिडक्या उघड्या ठेवून. जे वार्निश ओव्हनच्या भिंतीवर नको असतं ते लोखंडी ट्रेवर मुद्दाम हवं असतं. तेल जास्त राहिलं तर चिकट थेंब तयार होतात, त्या ट्रेला पुन्हा पुसून आणखी एक तास. सहापैकी दोन ट्रेला तसं करावं लागलं. बिस्किटं भाजताना वरून लावायचं तेल मात्र आता शेंगदाण्याचं.